थंडीचं दुखणं

ओश, ११ नोव्हेंबर

प्रिय साल्कीनताई,

तुझं पत्र आणि पोटाला बांधायचा उंटाच्या लोकरीचा पट्टा, दोन्ही पोचलं. भावोजींचा गुडघा कसा आहे? मेंढरं एव्हाना डोंगरावरून खाली उतरली असतील. इथे शहरात कोळसा महागलाय, बाकी ठीक.

एशेनच्या स्थळाबद्दल तू दोन पानं लिहिलीस. बायको गेल्यापासून एकटा आहे, दारूला शिवत नाही, दोन मुली आहेत, आता एक मुलगा झाला की त्याला दुसरं काही नको. ‘तुझं वय अजून गेलेलं नाही,’ असंही लिहिलंस. तिथेच पत्र मिटून ठेवलं होतं. आज परत उघडलं.

पट्टा मी बांधत नाही. बाजारात थंड दगडावर बसून लोकरीचे जाड नमदे विकते, म्हणून पोटात थंडी शिरली, असं मीच तुला कळवलं होतं. मी नमदे विकत नाही, ताई. मी काय विकते ते गावभर कुजबुजतात, तूच तेवढी कानांवर हात ठेवतेस. आता काढ ते.

पहिल्यांदा दुखलं तेव्हा दवाखान्यात खरं सांगितलं. डॉक्टरीण खुर्ची मागे सरकवून म्हणाली, “त्या खाटेवर बसू नका. तिथे घरंदाज बायका तपासतो आम्ही.” तपासलंच नाही. म्हणून दुसरीकडे जाऊन नमद्यांचं सांगितलं. तिथली म्हातारी डॉक्टरीण फार मायाळू. “दगडावर बसतेस ना गं पोरी? थंडी धरलीय पोटाने. चांगलं शेकून काढ.” मी विटा तापवून शेकत राहिले आणि आत पू होत राहिला. आमच्यासारख्या बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेची बाई यायची, निरोधांचं पुडकं द्यायची, एड्ससाठी रक्त तपासायची. पोटदुखीचा विषय काढला की म्हणायची, “ते आमच्याकडे नाही गं, बाई.” आमच्यापासून गिऱ्हाइकाला रोग लागू नये, एवढीच सगळ्यांना काळजी.

शेवटी रस्त्यात पडले. शुद्धीवर आले तेव्हा गर्भाची पिशवी काढून टाकलेली होती. नर्स चादर ओढत म्हणाली, “सुटलीस की. तुझ्या धंद्याला बरंच.”

ताई, मला पोर हवं होतं. बाप कोण ते कळलं नसतं तरी चाललं असतं. हे मी कोणालाच बोलले नाही, कारण कोणी विचारलंच नाही. डॉक्टरांनी नाही, त्या संस्थेच्या बाईने नाही. तूही आता विचारलंस ते एशेनसाठी.

तर त्याला नाही म्हणून कळव. आजारी आहे म्हणू नकोस, शहरात बिघडली म्हणू नकोस. बुरुलने नकार दिला, एवढंच सांग. माणसाला नाही म्हणायची सोय मला फारशी मिळालेली नाही. हा एक नकार तरी माझ्या नावावर असू दे.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, असं लिहिणार होते. पण नाही चालणार.

तुझीच, अजूनही म्हणशील तर,
बुरुल