खिडकीतली पिवळी नळी नष्ट न करण्याबाबत

प्रति,
मा. प्रयोगशाळा प्रमुख,
जंतू तपासणी विभाग,
सरकारी रुग्णालय.

विषय : मित्राच्या जखमेतले जंतू वाढवलेली नळी शनिवारी नष्ट न करता तिच्या चाचण्या पुन्हा करून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या सहीचा अहवाल, ‘क्षयरोगाचे जंतू आढळले’.

महोदय,

खरं सांगतो, हा अर्ज मी लिहिणारच नव्हतो. टाइप केला, पुसला, परत टाइप केला. मी मोबाईल दुरुस्त करणारा माणूस, जंतूंमधलं मला काय कळतंय? पण सोमवारी माझ्या मित्राचं बोट कापणार आहेत, म्हणून लिहितोय.

१. मित्राला सगळे डुबक्या म्हणतात. शोभेच्या माशांच्या दुकानात तो कोपरापर्यंत हात बुडवून टाक्या घासायचा. उजव्या हाताच्या बोटाला टाकीची काच लागली, तिथे गाठ आली, फुटली, आणि तशाच गाठी मनगटाकडे चढत गेल्या. आपल्या अहवालावरून क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी तो अर्धा झाला, गाठी जिथल्या तिथे. सर्जन म्हणतात, औषधाला दाद नाही, हाड सडायच्या आत बोट काढू.

२. अहवालाची प्रत मागायला आलो तेव्हा आपल्या तंत्रज्ञ बाईंनी त्याचा हात पाहिला आणि म्हणाल्या, “अरे, हा माशांच्या टाकीत हात घालतो, हे कागदावर कुणी लिहिलंच नाही रे!” डुबक्या म्हणाला, “ताई, मला कुणी विचारलंच नाही. माशांना विचारलं असेल.” त्या हसल्या नाहीत. आत जाऊन नळी बघून आल्या.

३. त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं मांडतो, चूक माझी धरावी. अंगाइतकी ऊब देणाऱ्या इनक्युबेटरमधल्या नळीत काहीच वाढलं नव्हतं. तो भरला म्हणून दुसरी नळी खिडकीजवळच्या फळीवर ठेवली होती, तिच्यात वाढलं. क्षयाचा जंतू अंगाइतकी ऊब मागतो, फळीवर सहसा वाढत नाही. शिवाय उजेडात ही वाढ पिवळीधमक झाली. माशांच्या पाण्यात क्षयाचाच एक चुलत जंतू असतो, तो कमी उबेत वाढतो, उजेडात पिवळा होतो, आणि त्याची औषधं वेगळी असतात. नायसिनच्या चाचणीत वाढीवरचं पाणी रसायन घातल्यावर पिवळं झालं तर क्षय समजतात. इथे त्या वाढीचेच पिवळे कण पाण्यात उतरले असतील, आणि ते रसायन न घातलेली जोडीची नळी ताडून बघायला लावलीच नव्हती. वाढ थोडी होती म्हणून हे दोन जंतू वेगळे ओळखणारी नायट्रेटची चाचणीही राहिली. आता वाढ भरपूर आहे. पण सही झालेला अहवाल बाईंना उघडता येत नाही, आणि शनिवारी जुन्या नळ्या वाफेवर नष्ट करायला ऑटोक्लेव्हमध्ये जातात.

४. साहेब, कृपया बाईंना रागावू नका. त्या बोलल्या नसत्या तर मी आज बोट कापायच्या संमतीवर साक्षीदार म्हणून सही करत बसलो असतो.

५. माझी मागणी एवढीच : नायसिन जोडीच्या नळीसकट पुन्हा करावं, नायट्रेट करावं, एक नळी उजेडात आणि एक अंधारात वाढवून बघावी, आणि निकाल येईपर्यंत सर्जनना थांबायला एका ओळीचं पत्र द्यावं. नळी ठेवायला जागा नसेल तर मी फळी ठोकून देतो. राखायला माणूस नसेल तर मी बसतो. नळी माझ्या ताब्यात देणं नियमात बसत नसेल, तर मला नळीच्या ताब्यात द्या. दुकानाला कुलूप लावून आलोय, कुठेच जाणार नाही.

६. कदाचित निकाल पुन्हा क्षयाचाच येईल. तेही मान्य. पण नीट बघून कापा हो. न बघता नको.

उत्तराची वाट आपल्या दारातल्या बाकावर बघत आहे,
डुबक्याचा खोलीसोबती
गुरुवार, सकाळ

सोबत : अहवालाची प्रत, हाताचे फोटो, माशांच्या दुकानदाराचं, तो टाक्या घासायचा असं लिहून दिलेलं पत्र.

ता.क. डुबक्या शेजारी बसून हे वाचतोय. म्हणतो, “उगाच साहेबांना त्रास. क्षयच निघाला तर तूही खोली बदलशील, आधीच सोडून गेलेल्या बाकीच्यांसारखा.” म्हणून आपल्यासमोरच त्याला लिहून देतो : डुबक्या, निकाल काहीही येऊ दे, मी खोली बदलणार नाही.