नऊचा गठ्ठा

आई, आज दुसरीच्या वर्गात बेचाळीसमधून सतरा वजा करताना माझा तास अडला. कोणाला सांगावे असा विचार करत घरी आले आणि तूच आठवलीस. तुला जाऊन इतकी वर्षे झाली, तरी वजाबाकीतल्या अडचणी मी मनातल्या मनात अजून तुलाच सांगते.

तू तुझ्या वर्गात वापरायचीस तीच पद्धत मी इथे, अकोल्याजवळच्या या शाळेत, चालवते. तुरीचे पीक निघाले की प्रत्येक मूल घरून तुराट्यांचे बोटभर तुकडे आणते. त्यांतले दहा मोजून सुतळीने बांधायचे आणि ते बांधण्याचे काम घरातल्या मोठ्या माणसाने मुलाला शेजारी बसवून करायचे. चौघांनी आपापले गठ्ठे एकत्र मांडले की चाळीस होतात. मग वजाबाकीत कुणाचा ना कुणाचा गठ्ठा सोडावा लागतो, आणि दर वर्षी त्या क्षणाला मी नव्याने हरखते. सुतळी सुटते, काड्या पसरतात, आणि आत्तापर्यंत ‘एक’ असलेली वस्तू ‘दहा’ होती हे मुलाच्या डोळ्यांना दिसते. स्थानिक किंमत म्हणजे एवढेच. पुढचे सगळे गणित त्यावर उभे आहे.

हे मला तू अमरावतीच्या आपल्या स्वयंपाकघरात शिकवलेस. मी पाटीवर चार खोडून तीन केले आहेत, दोनाच्या डोक्यावर एक चढवला आहे, उत्तरही बरोबर आले आहे. तू तव्यावरची भाकर उलटतेस आणि पाटीकडे न पाहताच विचारतेस, “हा हातचा आभायातून पडला का?”

“शाळेत बाई अन् घरीबी बाईच! इथं तरी सोड ना मले,” मी वैतागते.

“तुले नाई सोडत. गठ्ठा सोड आधी.”

गठ्ठा सोडल्याशिवाय हातचा घ्यायचा नाही, हा तुझा पहिला नियम. दुसरा तू वर्गाकडून रोज मोठ्याने म्हणवून घ्यायचीस: दहाचा गठ्ठा खरा, नऊचा गठ्ठा खोटा. मीही म्हणवून घेते. मुलांना ते फार आवडते. ‘खोटा’ म्हणताना ती बाकांवर हात आपटतात.

आज ज्या मुलीची गठ्ठा सोडण्याची पाळी होती, तिची आई संक्रांतीनंतर काविळीने गेली. अमरावतीच्या दवाखान्यात नेले होते, तिथून परत आणले. मुलीने गठ्ठा मुठीत धरला आणि सोडेना. शेजारची म्हणाली, “सोड ना वं! तुह्या गठ्ठ्यात का सोनं हाय?” सगळे हसले. ती उठली आणि बाहेर नळापाशी जाऊन उभी राहिली.

मला वाटले, मला कळले. तिच्या आईच्या हातची गाठ आहे, सोडवत नसेल. मी शांतपणे मार्ग शोधला, तो सापडल्याचा मला अभिमानही वाटला. माझ्या डब्यातल्या दहा सुट्या काड्या घेऊन तिच्याजवळ गेले आणि समजावले की गठ्ठा सोडण्याऐवजी बदलूनही घेता येतो. एक दशक दिले, दहा एकक घेतले, किंमत तीच राहिली. “तुझा गठ्ठा मी जपून ठेवीन, गाठीला हात लावणार नाही,” मी तिला म्हटले.

तिने मान हलवली. “नको, मॅडम. बदलला तं तुमी मोजसान.”

मी हातातल्या काड्या खाली ठेवल्या. मग ती म्हणाली, “यात नऊच हायेत. मायले बसता येत नव्हतं तवा. मोजता मोजता तिचा डोया लागला, उठून तिनं तसाच बांधला. मी काई बोलली नाई. आता पोरं म्हन्तीन, हिच्या मायनं खोटा गठ्ठा बांधला.”

मी म्हटले, “आपण हळूच एक काडी आत सरकवू. कोणाला कळणार नाही.”

“मंग तो मायचा नाई राहात.”

आई, नऊला दहा म्हणायला मी कोणत्याही मुलाला शिकवू शकत नाही, तूही शिकवले नसतेस. पण ती मुलगी रोज बाकावर हात आपटून आपल्या आईला खोटे म्हणत होती, आणि ते मी म्हणवून घेत होते. मी तास थांबवला. गठ्ठा तिच्याच मुठीत राहिला. उद्या वर्गात ते वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही. त्याच्या जागी काय म्हणायचे ते मात्र ठरलेले नाही. आणि ती वजाबाकी कशी शिकेल, हेही मला माहीत नाही.

तुझे शेवटचे दिवस अकोल्याला माझ्याकडे गेले. माणसांची नावे तू विसरलीस, चूल विसरलीस, पण तुराट्या समोर ठेवल्या की दिवसभर गठ्ठे बांधत बसायचीस. कधी सातचा, कधी अकराचा. शाळेत नेण्याआधी मी ते स्वयंपाकघराचे दार लावून मोजायची, दुरुस्त करायची आणि संध्याकाळी तुला सांगायची, “सगळे बरोबर होते.” तू म्हणायचीस, “मंग? कोनं बांधले!”

त्यांतला अगदी शेवटचा माझ्या कपाटात आहे. आज घरी आल्यावर तो हातात घेतला. काड्यांची टोके वरूनच दिसतात, सुतळी सोडायचीही गरज नाही. तरी मी तो तसाच परत ठेवला, आई. तो मी मोजलेला नाही.