बापाची नडगी

मालांग,
१४ जुलै

चि. वेनिंग हिला अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं मजेत आहोत. तुझ्या आईने सोयाबीनच्या तेंपेचे काप तळून ठेवलेत आणि पत्र संपेपर्यंत हात लावायचा नाही, अशी ताकीद दिलीय. तीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, पण स्वतः लिहायला बसलो की घाम फुटतो.

बातमी अशी, की तुझा बाप पळायला लागलाय. सुराबायाच्या ज्या मॅरेथॉनमध्ये तू पळणार आहेस, तिथेच मीही नाव दिलं. पूर्ण बेचाळीस किलोमीटर. हसून घे.

मार्चपासून रोज डांबरी रस्त्यावर पळत होतो. एप्रिलमध्ये दोन्ही नडग्या आतल्या बाजूने ठणकायला लागल्या. मी लपवलं, पण पायऱ्या उतरताना तुझ्या आईने पकडलं. दवाखान्यात लारास म्हणून फिजिओथेरपिस्ट आहे, तुझ्याच वयाची. तिने नडगीवर बोट दाबलं आणि मी कोकललो.

"दर आठवड्याला किती अंतर वाढवलंत, काका?"

"दुप्पट."

"एवढी घाई कसली?"

तुझी आई मध्येच म्हणाली, "सतरा वर्षं उशीर झालाय ना त्यांना."

सहा आठवडे पळणं बंद. बर्फ, सायकल आणि भिंतीला धरून टाचा वर-खाली. शेजारचे मुस्तोफा रोज विचारायचे, "काय हो, भिंत पडतेय का?"

मग शाळेच्या मैदानावर, गवतावर, छोटी पावलं टाकत सुरुवात केली. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. काल दहा किलोमीटर झाले. नडग्या गप्प. लारासच्या सांगण्यावरून बेचाळीसचं एकवीस करून घेतलंय.

त्याच मैदानावर तू सराव करायचीस. प्रांताच्या संघात तुझी निवड झाली नाही म्हणून तू बूट माळ्यावर टाकलेस. वेनिंग, निवड झाली होती. सतरा वर्षांपूर्वी ते पत्र माझ्याच टपालाच्या थैलीत आलं होतं आणि मी तुला दिलं नाही. मुलीने अर्ध्या चड्डीत गावोगाव पळावं, हे मला पटत नव्हतं. तुझ्या आईलाही गेल्या वर्षीच सांगितलं. ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. निवडीचं ते पत्र सोबत जोडलंय.

माफी माग, असं आई म्हणते. मागतो. तू लगेच द्यावीस, असं नाही.

माझं अंतर तुझ्या आधी संपेल. मी शेवटच्या रेषेपाशी थांबेन. बोलली नाहीस तरी चालेल, पुढून निघून जा. तुला पळताना मी अजून एकदाही पाहिलेलं नाही.

तुझा अपराधी,
बाबा