उजव्या कोपऱ्यातली सही

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा पाट्या व बोर्ड रंगवणे (हात थरथरू लागल्यापासून बंद), राहणार पोस्टामागच्या गल्लीतील तीन मजली इमारतीचा तळमजला, याद्वारे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, स्मरण शाबूत आहे आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. वकीलसाहेबांनी दिलेल्या नमुन्यात पुढे "व कोणत्याही भीतीशिवाय" असे शब्द होते. ते मी गाळले आहेत. मेल्यावर वाचला जाणारा कागद, त्यात खोटे कशाला लिहू? मला भीती वाटते. भीतीपोटीच मी लिहायला बसलो आहे. खिडकी लावली आहे, दाराला कडी घातली आहे, कडीमागे अडसर घातला आहे, तरी वर पाय वाजला की माझी ओळ वाकडी होते. वाकड्या ओळींबद्दल वाचणाऱ्याने माफ करावे. ओळ सरळ ठेवण्यावरच मी पोट भरले आहे.

डॉक्टरीणबाईंनी मला काल तपासले. त्या दुसऱ्या भागात राहतात, त्यामुळे मोकळेपणी बोलतात. म्हणाल्या, "काका, छाती एवढी का धडधडतेय? कशाची भीती वाटते?"

"कुत्र्याची."

"चावला का?"

"नाही हो. मुका जीव, तो काय करणार?"

"मग?"

"त्याच्या मालकाची."

त्या कागद पुढे ओढून म्हणाल्या, "म्हणजे डोकं ठिकाणावर आहे." तसा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम पहिले. तळमजल्यावरील माझ्या मालकीचे घर, म्हणजे पुढची खोली, स्वयंपाकघर, मोरी आणि (सातव्या कलमाने दुसऱ्या कोणाला दिली नाही तर) मागची खोली, माझ्या पश्चात माझी थोरली बहीण आक्का हिचे. आक्का टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. आई गेल्यावर तिनेच मला वाढवले. लग्न केले नाही. का, असे कोणी विचारले की म्हणते, "हे एक पोर होतं ना पदरात, पुरे झालं." तिची नजर हळूहळू गेली आणि आता अजिबात राहिलेली नाही. काठी टेकत ती रोज सकाळी दूध आणायला स्वतः जाते. मी आणतो म्हटले तर अंगावर येते. मला स्वतःच्या मरणाचे एवढे काही वाटत नाही. मी गेल्यावर ह्या घरातून आक्काला कोणी बाहेर काढले, आणि सकाळी तिच्या पायासमोरची पायरी बघायला कोणी उरले नाही, तर काय? हे मृत्युपत्र त्यासाठी आहे. बाकीची कलमे लोकांना वाईट वाटू नये म्हणून.

कलम दुसरे. बँकेत असेल ते आक्काचे. रेडिओही तिचाच. त्याचे बटण फक्त तिलाच जमते.

कलम तिसरे. माझे सगळे ब्रश, मोजपट्टी, खडूची दोरी आणि शिडी माझ्या पुतण्याला. पुतण्या फ्लेक्स छापतो. संगणकात अक्षर दाबले की बाहेर येते, त्याला तो कला म्हणतो. असो. ब्रश मऊ फडक्यात गुंडाळून ठेवावेत आणि त्यांवर फ्लेक्सची गुंडाळी ठेवू नये, एवढीच अट. घरात मात्र त्याचा वाटा नाही. कारण त्याला माहीत आहे, पण लिहितो. माझ्या पश्चात तो घर विकेल, आणि कोणाला विकेल तेही मला माहीत आहे. त्याने मला तोंडावर सांगितले, "काका, कशाला वाघाच्या तोंडात हात घालता? देऊन टाका त्यांना तळमजला, सुटाल." तो मनाने वाईट नाही. त्याला फक्त सुटायची घाई असते.

कलम चौथे. ह्यात द्यायघ्यायचे काही नाही, पण कारण लिहिल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

दुसऱ्या मजल्यावर ठेकेदार राहतात. इमारती बांधतात. त्यांचा कुत्रा काळा आहे, वासराएवढा. त्याचे नाव इथे लिहीत नाही, लिहिले की आल्यासारखे वाटते. ठेकेदार त्याला घेऊन रोज सकाळी खाली उतरतात, कुत्रा आमच्या पायरीशी बसतो, उरकतो, आणि दोघे वर जातात. ठेकेदार फोनवर बोलत असतात. एकदा मी हात जोडून म्हटले, "साहेब, तेवढं उचलायला एखादी पिशवी ठेवा ना बरोबर." ते हसले. म्हणाले, "पेंटर, आमच्याकडे घाण उचलायला माणसं ठेवतात."

मग एका सकाळी आक्काची काठी त्यात गेली, काठीमागून पाय गेला, आणि ती पायरीवरून खाली आली. मनगट मोडले. प्लास्टरमधला हात घेऊन मलाच म्हणाली, "ओरडू नकोस रे धाकट्या, दूध सांडलं नाही."

मी रहिवासी मंडळाच्या सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, तोंडी तक्रार चालत नाही, लेखी द्या. लेखी दिली. ती वाचून म्हणाले, "लेखी कशाला दिलीत? लेखी दिलं की वैर वाढतं." आता ह्याला काय म्हणावे?

तेव्हा मी माझ्या परीने करायचे ते केले. पत्र्याचा एक तुकडा घासून, पांढरा हात देऊन, त्यावर लाल अक्षरात लिहिले: "कुत्रा मुका आहे. मालकाला हात आहेत. उचला." कोणी लावला ते कळू नये म्हणून दुपारी सगळी गल्ली जेवून आडवी झालेली असताना वळणावरच्या भिंतीला ठोकला आणि घरी येऊन चहा ठेवला. चहा उकळता उकळता लक्षात आले. बोर्ड पुरा झाला की खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "पेंटर" असे लिहून शेपटी ओढायची, ही हाताची जन्माची सवय. मी सही केली होती! निनावी बोर्डावर! धावत गेलो. भिंतीवर नुसती भोके राहिली होती.

संध्याकाळी ठेकेदार बोर्ड बगलेत घेऊन आले. पाय पुसले, खुर्चीवर बसले, पाणी मागितले. आवाज अगदी मऊ.

"अक्षर छान आहे, पेंटर. सहीसुद्धा."

मी फुलपात्र पुढे केले.

"तळमजला मला ऑफिसला हवाय, मागेही बोललो होतो. ह्या वयात उगाच कशाला पायऱ्या चढायच्या-उतरायच्या? आक्का सकाळी एकट्याच जातात ना दुधाला? जपा त्यांना. म्हातारी हाडं परत परत जुळत नाहीत."

असे म्हणून पाणी पिऊन, फुलपात्र उपडे ठेवून गेले. आक्का आतल्या खोलीत होती. ते गेल्यावर ती एवढेच म्हणाली, "सगळ्या आयुष्यात इतका गोड आवाज मी ट्रंक कॉलवरसुद्धा ऐकला नाही. कडी लाव."

तेव्हापासून घाण पायरीशी नसते, पायरीवर असते. उंबऱ्याला लागून. मी आक्काच्या आधी उठतो, रंग खरवडायच्या पट्टीने काढतो, पाणी ओततो, फिनेल टाकतो आणि पुन्हा अंथरुणात जाऊन झोपेचे सोंग घेतो. हे तिला माहीत नाही असे मी समजत होतो. परवा म्हणाली, "डोळे गेलेत रे, नाक नाही गेलं."

कलम पाचवे. मी जिन्यात, पायरीवर किंवा मोरीच्या तोंडाशी पडलेला आढळलो, तर पाय घसरला असे कोणी पटकन समजू नये. मी उभे आयुष्य शिडीवर काढले आहे. मी घसरत नाही. चौकशी करावी आणि मंडळाच्या सेक्रेटरींना विचारू नये.

कलम सहावे. वर सांगितलेली रंग खरवडायची पट्टी रहिवासी मंडळाला. काचेच्या पेटीत ठेवावी की वापरावी, ते त्यांनी बैठकीत ठरवावे. ठरेपर्यंत पट्टी गंजेल, पण तो त्यांचा प्रश्न.

कलम सातवे. (खोडले आहे. वाचता येईल असे खोडले आहे. कारण पुढे.) अंगणाकडची मागची खोली, जिथे मी रंग कालवत असे, ती ठेकेदारांच्या पत्नीस. ह्या बाई दुपारी कुत्र्याला खाली आणतात. नवरा कामावर असतो तेव्हा. त्या वर्तमानपत्र बरोबर आणतात, वाकून उचलतात, शालीखाली लपवतात आणि चोरी केल्यासारख्या भिंतीच्या कडेने कचराकुंडीपाशी जातात. मी त्यांना फटीतून पाहिले आहे. आक्का म्हणते, "ती जिना चढून वर जाते ना, तेव्हा स्वतःच्या दाराशी थांबते. श्वास घेते. मग बेल वाजवते. स्वतःच्या घरात असं कोण शिरतं रे?" मागच्या खोलीची कडी आतून आहे, भक्कम आहे. म्हणून.

कलम आठवे. आक्कापुढे सकाळी पायरीपर्यंत कोणीतरी जावे. हे कलमाने कोणाला लावता येत नाही असे वकीलसाहेब म्हणाले. लावत नाही. विनंती करतो.

आता साक्षीदारांबद्दल. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नाहीतर कागद फुकट. पहिल्या सहीला डॉक्टरीणबाई तयार झाल्या. दुसऱ्या सहीसाठी मी गल्ली पालथी घातली. शेजारचे मास्तर चौथ्या कलमापर्यंत आले आणि म्हणाले, "माझा हात कापतो हो अलीकडे." चष्मेवाल्यांना आपलाच चष्मा सापडेना. इस्त्रीवाला प्रामाणिक, म्हणाला, "काका, मला त्यांच्या घरचे कपडे येतात." मी कोणाला दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही चष्मा सापडला नसता.

आज दुपारी डॉक्टरीणबाई येऊन पेन उघडून बसल्या होत्या आणि दुसरा साक्षीदार नव्हता. तेवढ्यात दार वाजले. आक्का म्हणाली, "उघड. तीच आहे, तिच्या चपला."

ठेकेदारांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. हातात वर्तमानपत्राची पुडी. "पायरीवर होतं," म्हणाल्या. "टाकून येते." आणि गल्लीच्या मधोमध चालत, पुडी समोर धरून, कुंडीपर्यंत गेल्या. मी फटीतून बघत होतो. मास्तरही आपल्या खिडकीतून बघत होते. परत येऊन त्यांनी मोरीत हात धुतले.

"मास्तरांकडून कळलं. सही हवी आहे म्हणे."

मी म्हटले, "वहिनी, तुम्ही नको. त्यांना कळलं तर?"

"कळेलच. त्यांना सगळंच कळतं."

मी सगळा कागद वाचून दाखवला. सातव्या कलमाला त्या उठल्या, मागच्या खोलीत गेल्या, कडी लावून पाहिली, काढून पाहिली. बऱ्याच वेळाने आल्या. डॉक्टरीणबाईंनी समजावले, की ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, एकतर खोली नाहीतर सही.

"मग खोडा," त्या म्हणाल्या.

"अहो, नीट विचार करा," मी म्हणालो.

"आत कडी लावून केला ना विचार. काका, हा कागद टिकला नाही तर तुमच्यामागे आक्कांना इथून कोण बाहेर काढणार आहे? मी त्याच घरात राहते. जेवताना ऐकते." त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "आणि माझी सही आजवर कोणी मागितली नाही. आणा इकडे."

मी खोडत असताना आक्का आतून म्हणाली, "कागदावर नको तर नको. घर माझं झाल्यावर मागची किल्ली मी कोणाला द्यायची, ते मेलेला माणूस थोडाच सांगणार आहे?"

"मी जिवंत आहे अजून," मी म्हणालो.

"तोवर मी तुझं ऐकते असं कोण म्हणालं?"

वहिनी हसल्या. मी त्यांना हसताना प्रथमच पाहिले. मग वर कुत्रा भुंकला आणि आमच्या चौघांच्याही माना वर गेल्या.

त्या म्हणाल्या, "एकटा आहे, म्हणून भुंकतो. त्यालाही भीती वाटते." आणि मग, "आक्का, दूध किती वाजता असतं?"

आक्काने वेळ सांगितली. आठव्या कलमात मला काही बदलावे लागले नाही.

वरील सर्व मी वाचले आहे, वाचून दाखवले आहे, ते खरे आहे. ह्यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, आणि पुन्हा करण्याएवढे धैर्य माझ्यात नाही, म्हणून हेच शेवटचे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली. खिडकी आक्काने उघडायला लावली आहे.

दिनांक: २१ नोव्हेंबर, दुपार.

साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई.

साक्षीदार दुसरी: मी "ठेकेदार यांच्या पत्नी" असे लिहू लागलो, तर त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या सांगण्यावरून नुसते: शेजारीण.

ठेकेदारांची गाडी वळणावर वाजते आहे. तिघींपैकी कोणीही उठलेले नाही. शेपटी नीट येणार नाही. तरी दोन्ही साक्षीदारांच्या देखत, खाली, उजव्या कोपऱ्यात, आणि ह्या वेळी सवयीने नव्हे:

पेंटर