हत्तीचे डोळे

मामा,

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं तर याचेही हक्क तुमचेच व्हायचे.

तुमच्या प्रकाशनाच्या करारावर सही घेताना तुम्ही म्हणालात, "घरचंच काम, वाचायचं काय त्यात?" चित्रांवर पोट भरणारी मी परक्यांचा करार दोनदा वाचते, तुमच्या करारावर मात्र डोळे मिटून सही केली. एका पुस्तकासाठी काढलेला माझा हत्ती आता दप्तरांवर, डब्यांवर मिरवतोय. काल तर तो माझ्याच वेबसाइटवरून काढून टाका, अशी तुमच्या वकिलाची नोटीस आली. वर तुमचा फोन: "एवढं काय चिडायचं? दुसरा हत्ती काढ की!"

काढेन हो. पण या हत्तीला मी आईचे डोळे दिले होते, ती गेली त्याच महिन्यात. सख्ख्या बहिणीचे डोळे विकलेत, मामा, आणि ओळखलेसुद्धा नाहीत.

तुमच्या ताईची मुलगी