चावी मुलीला, पण रबरे बदलल्यावर

मी, खाली सही करणारी, पूर्वी शिवणकाम करणारी, यजमानांच्या पश्चात एकटी राहणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. उद्या माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर हसून बोलतात, त्यानेच जास्त धडकी भरते.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या मुलीची. शिलाई मशीनही तिचेच. ती साधे बटण लावत नाही, तरी.

२. यजमानांची लाल, दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार मुलीला द्यावी, पण एका अटीवर. इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या रबरी टेकूंवर बसतात, ज्यांना मिस्त्री फाउंडेशन म्हणतात, ते सगळे नवे घातल्याशिवाय चावी तिच्या हाती देऊ नये. कारणही सांगते. लग्नानंतर एकदा यजमानांनी चढावर गाडी दामटली. तेल झिरपून मऊ झालेले रबर फाटले, इंजिन एका बाजूने उचलले गेले आणि त्याने ॲक्सिलरेटरचा दांडा ओढून धरला. यजमानांनी पाय काढला, तरी गाडी सुसाटच.

"चावी! चावी फिरव!" ते ओरडले.

मी फिरवली तेव्हा समोर भिंत होती. माझे गळ्याजवळचे हाड मोडले. पुढे ते हा किस्सा चारचौघांत रंगवून सांगत. मी मात्र त्या गाडीत पुन्हा बसले नाही.

३. धाकट्या दीरांना काहीही नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी गाडी सुरू केली. जरा रेस करताच इंजिन कूस बदलल्यासारखे कलंडले.

दीर म्हणाले, "वहिनी, जुन्या गाड्या अशाच डुलतात. तुम्ही दवाखान्यात गेलात की पोरीला मस्त चक्कर मारून आणतो."

मुलगी म्हणाली, "आई, तू उगाच घाबरतेस."

घाबरते. उगाच नाही.

४. म्हणून आज मिस्त्रींना बोलावून सगळे फाउंडेशन काढून घेतले. इंजिन लाकडी ठोकळ्यांवर टेकवले आहे. कोणीही गाडीखाली शिरू नये. त्यातले एक रबर मी मुलीच्या हातात ठेवले. नुसत्या चिमटीत त्याचा तुकडा पडला. ती माझ्याजवळ बसून राहिली.

५. यजमानांची हत्यारे मिस्त्रींना. ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये म्हणतात, म्हणूनच ते साक्षीदार नाहीत.

६. दीरांकडे दुसरी चावी आहे. ती त्यांनी खुशाल ठेवावी.

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली: शेजारच्या डॉक्टरीणबाई, कोपऱ्यावरचे घड्याळजी.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर.
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस.

सही दोनदा आहे. पहिली वेडीवाकडी आली. दोन्ही माझ्याच.