पंचावन्न इंच

सूरज,

दुकानातून फोन आलेला. नवीन स्मार्ट टीव्ही भिंतीवर बसवायला माणूस दुपारी येतोय. त्या फोनवरच कळलं की तू पंचावन्न इंची घेतलास. आपलं त्रेचाळीसचं ठरलं होतं ना रे? म्हणजे तुझ्या बाबांचा फोटो जागचा हलला नसता. मला एका शब्दाने विचारलं नाहीस.

परक्या माणसाने फोटो उतरवलेला मला बघवणार नाही, म्हणून मीच उतरवला. हार काढला, काच पुसली आणि त्यांना घेऊन कळव्याला तुझ्या शिवानीताईकडे चाललेय. फोन करू नकोस. वरण गरम करून घे.

भिंतीत खिळा तेवढा राहिलाय. बाबांनीच घड्याळासाठी ठोकलेला, त्यावरच पुढे त्यांचा फोटो लागला. तो तुझ्या हाताने काढ.

आई